पहिला कथासंग्रह हाती घेताना

कादंबऱ्यांची सवय असलेला वाचक कथासंग्रहाकडे वळला की बहुतेक वेळा पहिल्या पानापासून सुरू करतो आणि झपाट्याने पुढे जातो. चौथ्या कथेपाशी त्याला पहिल्या कथेतली माणसं आठवेनाशी होतात, सहाव्या कथेपाशी सगळं सारखंच वाटू लागतं आणि पुस्तक उशाशी पालथं पडून राहतं. यात पुस्तकाचा दोष नसतो, चूक असते ती वेगाची. कादंबरी एकदाच जग उभं करते आणि मग तीनशे पानं त्यातच फिरवते. कथासंग्रहात बारा कथा असतील तर बारा वेळा नवं जग उभं राहतं. हे कोण, कुठले, केव्हाचे, आणि हे सगळं सांगतंय कोण, हे वाचकाला दर वेळी पहिल्या दोन पानांत नव्याने हुडकावं लागतं. हे काम दमवतं खरं, पण कथा वाचण्याचा निम्मा आनंद त्यातच असतो. म्हणून एका बैठकीत एकच कथा, आणि चांगली कथा दोनदा, एवढं पाळलं तरी पुष्कळ साधतं.

पुस्तक निवडणं

दुकानात किंवा वाचनालयात तीन तऱ्हेचे संग्रह दिसतील. लेखकाने स्वतः कथा निवडून, क्रम लावून काढलेला मूळ संग्रह. नंतर एखाद्या संपादकाने त्याच्या अनेक पुस्तकांतून वेचलेल्या ‘निवडक कथा’. आणि अनेक लेखकांची एकेक कथा घेऊन केलेलं प्रातिनिधिक संकलन. नवख्या वाचकाला बहुतेक जण तिसरा प्रकार सुचवतात, कारण त्यात ‘सगळं मिळतं’. आमचं मत वेगळं आहे. प्रातिनिधिक संकलनात दर कथेला भाषा बदलते, काळ बदलतो, आणि कान एका आवाजाला सरावतो न सरावतो तोच दुसरा आवाज सुरू होतो. ते वाचनालयातून आणावं, चार-पाच कथा वाचून आपल्याला भिडणारे दोन लेखक शोधावेत आणि परत करावं. विकत घ्यायचं पहिलं पुस्तक मूळ संग्रह असावं.

घेण्याआधी दोन पानं उघडून बघा. पहिलं अनुक्रमणिकेचं. एकूण पानांना कथांच्या संख्येने भागा. डेमी, म्हणजे नेहमीच्या कादंबरीएवढ्या, आकाराच्या मराठी पुस्तकात एका पानावर अडीचशे ते तीनशे शब्द बसतात. म्हणजे बारा पानांची कथा तीन-साडेतीन हजार शब्दांची आणि निवांत वाचली तर वीस-पंचवीस मिनिटांची. पहिल्या खेपेला दीडशे ते दोनशे पानांचा, सरासरी आठ ते पंधरा पानांच्या कथांचा संग्रह घ्या. जी. ए. कुलकर्णी यांचं ‘रमलखुणा’ (१९७५) कपाटात कथांच्याच फळीवर असतं, पण त्यात आहेत दोनच दीर्घकथा. त्यांतल्या प्रत्येकीला दोन-तीन संध्याकाळी लागतात, आणि सुरुवात तिथे केली तर माणूस कथेच्या वाटेला पुन्हा फिरकायचा नाही.

दुसरं पान प्रकाशनाच्या तपशिलाचं. पहिली आवृत्ती कोणत्या वर्षाची हे तिथे पाहा, पुनर्मुद्रणाचं वर्ष नव्हे. कथेतला रुपया, नोकरी, लग्नाचं वय, शहरातली खोली, सगळं त्या वर्षाशी बांधलेलं असतं. काही पुस्तकांत ‘पूर्वप्रसिद्धी’ अशी यादी असते: कोणती कथा कोणत्या मासिकात, कोणत्या दिवाळी अंकात आधी आली. ही यादी पुढे फार कामाला येते, तिच्याकडे परत येऊ.

मलपृष्ठावरचा मजकूर आणि प्रस्तावना मात्र आधी वाचू नका. मराठीत, विशेषतः निवडक संग्रहांना, लांबलचक प्रस्तावना जोडायची रीत आहे. चांगल्या प्रस्तावना फार मोलाच्या असतात, पण त्या कथा वाचून झालेल्यांसाठी लिहिलेल्या असतात आणि शेवट बिनदिक्कत सांगून टाकतात. प्रस्तावनेच्या शेवटच्या पानाला क्लिप लावा आणि थेट पहिल्या कथेवर जा.

कुणापासून सुरुवात करावी याला एकच उत्तर नाही, पण काही रस्ते इतरांपेक्षा सोपे आहेत. वाक्य लहान, चित्र स्वच्छ हवं असेल तर व्यंकटेश माडगूळकर, ‘गावाकडच्या गोष्टी’ (१९५१). त्यांचंच ‘माणदेशी माणसं’ (१९४९) आधी हाती आलं तरी हरकत नाही, फक्त ती व्यक्तिचित्रं आहेत हे लक्षात ठेवा. व्यक्तिचित्रात माणूस पूर्ण दिसला की लेखन संपतं. ‘मग पुढे काय झालं’ याची वाट पाहत बसलात तर हिरमोड होईल. हसत वाचायचं असेल तर द. मा. मिरासदार आणि शंकर पाटील. बाबूराव बागूल यांचा ‘जेव्हा मी जात चोरली होती’ (१९६३) हा वाचायला कठीण नाही, सोसायला कठीण आहे. त्यातल्या दोन कथा एका दिवशी वाचू नयेत. शहरी नातेसंबंधांच्या कथा हव्या असतील तर सानिया किंवा मेघना पेठे. अलीकडचं काही हवं असेल तर साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेले तीन संग्रह शेजारी ठेवून चाळा: जयंत पवार यांचा ‘फिनिक्सच्या राखेतून उठला मोर’ (पुरस्कार २०१२), आसाराम लोमटे यांचा ‘आलोक’ (२०१६) आणि किरण गुरव यांचा ‘बाळूच्या अवस्थांतराची डायरी’ (२०२१). पवारांच्या कथा लांब पल्ल्याच्या आहेत, त्यामुळे तो दुसरा किंवा तिसरा संग्रह म्हणून बरा.

जी. ए. वाचायचेच असतील तर लिहिले गेले त्या क्रमाने वाचा: ‘निळासावळा’ (१९५९), ‘पारवा’ (१९६०), मग ‘हिरवे रावे’ (१९६२), ‘रक्तचंदन’ (१९६६) आणि त्यानंतर ‘काजळमाया’ (१९७२). सुरुवातीच्या पुस्तकांत घरं, गल्ल्या, भावंडं, गरिबी अशी ओळखीची जमीन पायाखाली असते. रूपकाचं, दंतकथेसारखं जग हळूहळू वाढत जातं. नावाच्या दबदब्यामुळे थेट नंतरच्या पुस्तकांना हात घालणारे पुष्कळ असतात आणि त्यांतले बरेच जण ‘जी. ए. जड आहेत’ असं म्हणून परततात.

कोणती कथा आधी

मूळ संग्रह असेल तर पहिली कथा आधी. लेखक आणि संपादक पहिल्या जागेवर कथा विचार करून ठेवतात: तिच्यातून या पुस्तकाचा सूर कळतो. त्यानंतर सर्वांत लहान कथा घ्या. लेखक कमी जागेत काय करतो ते तिथे उघडं पडतं. तिसरी शीर्षककथा, असलीच तर. ती असतेच असं नाही. ‘काजळमाया’ किंवा ‘पिंगळावेळ’ ही नावं एखाद्या कथेची नसून सबंध पुस्तकाची आहेत, आणि मग ते नाव या कथांना का दिलं असेल हे शेवटी विचारायचं कोडं होऊन बसतं. या तीन कथा झाल्या की उरलेल्या छापलेल्या क्रमानेच वाचा.

निवडक संग्रहात क्रम बहुधा काळानुसार असतो. तिथे मधली एखादी कथा आधी घेतली तरी बिघडत नाही, कारण लेखकाच्या पहिल्या कथा बऱ्याचदा त्याच्या सर्वांत कच्च्या कथा असतात.

बैठक

चाळीस मिनिटं मोकळी ठेवा: पंचवीस वाचायला, पंधरा नुसती. फोन दुसऱ्या खोलीत. पेन्सिल हवी, पेन नको, आणि पुस्तक वाचनालयाचं असेल तर पेन्सिलही नको. कागदाच्या अरुंद पट्ट्या पानांत घाला.

कथा अर्ध्यावर सोडून उद्या पुरी करायची नाही. कादंबरीत खूण घालून थांबता येतं, कथेत थांबलं की तिचा ताण उतरतो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा चढत नाही. लोकल किंवा बसमध्ये वाचत असाल तर प्रवासाला पुरेल एवढीच कथा निवडा. दादर ते ठाणे प्रवासात आठ पानांची कथा होते, सोळा पानांची होत नाही. आणि संपल्यावर लगेच पुढची सुरू करू नका. हा मधला रिकामा वेळ नवख्या वाचकाला फुकट गेल्यासारखा वाटतो. पण कथा नेमकी तेव्हाच कामाला लागते. भांडी घासताना, जिना चढताना एखादं वाक्य परत येतं आणि त्याचा दुसराच अर्थ दिसतो. लगेच पुढची कथा वाचली की हे घडत नाही. तिची माणसं आधीच्या कथेतल्या माणसांवर सांडतात. या गतीने बारा कथांचा संग्रह तीन ते चार आठवडे पुरतो. पाच पानांहून लहान कथा असतील तर एका बैठकीत दोन चालतील, तीन नकोत.

पहिलं वाचन

पहिल्यांदा वाचताना थांबायचं नाही, अर्थ लावत बसायचं नाही. अडलेल्या शब्दाखाली ठिपका द्या आणि पुढे चला. फक्त तीन जागी नजर शाबूत ठेवा.

एक, मोकळी ओळ. मराठी कथेत काळाची किंवा जागेची उडी बहुतेकदा एक ओळ कोरी सोडून दाखवतात, क्वचित तीन तारकांनी. ती कोरी ओळ पानाच्या तळाशी आली तर दिसतच नाही, आणि वाचक दहा वर्षं ओलांडून गेलेला असतो तरी त्याला पत्ता नसतो. ‘अचानक काहीतरी वेगळंच सुरू झालं’ असं वाटलं की आधी मागच्या पानाचा तळ तपासा. नव्या छपाईत किंवा ई-पुस्तकात या ओळी कधीकधी गळूनही पडतात.

दोन, क्रियापद. मराठी कथाकाराच्या हातातलं हे सर्वांत बारीक हत्यार आहे. समजा कथा अशी सुरू होते:

‘दुपारी अण्णा ओटीवर आडवे होत. आई आतल्या खोलीत तांदूळ निवडत बसे. तीनच्या सुमारास पोस्टमन येई आणि आवाज न देता पत्रं कठड्यावर ठेवून जाई. त्या दिवशी पोस्टमनने हाक मारली.’

‘होत’, ‘बसे’, ‘येई’, ‘जाई’ ही रोजची, वर्षानुवर्षांची दुपार झाली. ‘हाक मारली’ हे एकदाच घडलं. कथा त्या चौथ्या वाक्यात सुरू झाली. आधीची तीन वाक्यं म्हणजे आता जे मोडणार आहे ते. ‘येई’चं ‘आला’ कुठे होतं तिथे पट्टी घाला. कित्येक कथांत हा सांधा तिसऱ्या-चौथ्या पानावर असतो आणि तोवर ‘काही घडतच नाही’ म्हणून वाचक कंटाळलेला असतो. सगळी कथाच ‘येई-जाई’त असेल आणि एकदाच घडलेलं काही शेवटच्या परिच्छेदात येत असेल, तर लेखकाने तुम्हाला मुद्दाम ताटकळत ठेवलं आहे.

तीन, हाक आणि सर्वनाम. निवेदक वडिलांना ‘ते’ म्हणतो की ‘तो’? ‘बाबा’, ‘आबा’, ‘म्हातारा’ की नुसतं ‘बाप’? नवराबायकोत ‘अहो’ कधी सुटतं? दोघं मित्र ‘तू’वरून ‘तुम्ही’वर कोणत्या वाक्यात येतात? भांडण झालं, माया आटली, पदर ढळला, पैसा आला, असं काहीही लेखक सांगत नाही. तो फक्त सर्वनाम बदलतो. कान तयार असलेल्या वाचकाला या एका अक्षराच्या बदलात जे सुख मिळतं ते पानभर वर्णनात मिळत नाही.

बोलीपाशी अडलं तर

शहरात वाढलेले वाचक, आणि परदेशात वाढलेली मराठी मुलं तर हमखास, बोलीतले संवाद दिसले की पुस्तक मिटतात. यावर उपाय साधा आहे: पहिल्या दोन पानांचे संवाद मोठ्याने वाचा. डोळ्यांना अनोळखी वाटणारं पुष्कळसं कानाला ओळखीचं असतं. ‘न्हाई’, ‘व्हय’, ‘म्होरं’, ‘कुनाला’ हे लिहिलेलं विचित्र दिसतं, उच्चारलं की लगेच कळतं. वऱ्हाडीत ‘मले-तुले’, मालवणीत ‘माका-तुका’ म्हणजे ‘मला-तुला’, अहिराणीत ‘मना-तुना’ म्हणजे ‘माझा-तुझा’ एवढी सर्वनामं पक्की झाली की वाक्याचा सांगाडा हाती येतो आणि उरलेले शब्द संदर्भाने सुटतात.

संदर्भाने न सुटणारे शब्द म्हणजे बहुधा वस्तू: शेतीची अवजारं, बैलगाडीचे भाग, भांडी, जातीजमातींच्या धंद्यातली हत्यारं. त्यांच्यासाठी दाते-कर्वे यांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’ सर्वांत भरवशाचा. तो १९३२ ते १९३८ या काळात खंडाखंडांनी निघाला आणि आज इंटरनेटवर शोधता येतो. मोल्सवर्थचा कोश त्याहून जुना आहे (सुधारलेली आवृत्ती १८५७ची) आणि जुन्या ग्रामीण शब्दांना अजून उपयोगी पडतो. एका कथेमागे पाचांपेक्षा जास्त शब्द कोशात पाहू नका, आणि तेही पहिलं वाचन संपल्यावर. प्रत्येक ठिपक्यापाशी थांबणाऱ्याच्या हाती शब्द लागतात, कथा लागत नाही.

दुसरं वाचन

हे दुसऱ्या दिवशी, चोवीस तासांच्या आत. आठवडा गेला तर ते पुन्हा पहिलंच वाचन होतं. प्रत्येक कथेला दुसरं वाचन द्यायला हवं असं नाही. बारांपैकी चार-पाच कथांना दिलं तरी चालेल. निवडीची खूण अशी: जी कथा भांडी घासताना आठवली ती, आणि जिचा शेवट कळला नाही ती.

आता गोष्ट माहीत आहे, त्यामुळे घाई नाही. पहिल्या वाचनात आपण ‘काय होणार’ पाहतो. दुसऱ्यात ‘हे कसं केलं’ ते दिसायला लागतं, आणि कथा वाचणाऱ्यांना लागणारं खरं व्यसन या दुसऱ्या वाचनाचं असतं. सुरुवात शीर्षकापासून करा. भास्कर चंदनशिव यांची ‘लाल चिखल’ अनेकांनी शाळेत वाचलेली असेल. बाजारात भाव कोसळतो आणि बाप टोमॅटो पायाखाली तुडवतो, तेव्हा शीर्षकातला चिखल कशाचा ते कळतं. हे कळल्यावर पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचा: टोमॅटो जिथे जिथे नुसते टोमॅटो म्हणून आलेले असतात, तिथे तिथे आता पोटात गोळा येतो. लेखकाने शब्द बदललेला नसतो. आपण बदललेले असतो.

कधी शीर्षकाची किल्ली कथेबाहेर असते. दि. बा. मोकाशी यांच्या ‘आमोद सुनांसि आले’ या कथेचं नाव ज्ञानेश्वरांच्या ‘अमृतानुभवा’तल्या ओवीवरून आलं आहे. मुलगा गेलेला लोहार आणि अडलेली गाय एवढ्यावर उभी असलेली ही कथा ओवी ठाऊक नसतानाही पोचते. ओवी वाचून परत आलं की मात्र शोक आणि जन्म एकाच रात्रीत का ठेवले आहेत ते उमगतं. सुमित्रा भावे यांचा ‘दिठी’ हा चित्रपट याच कथेवर आहे. आधी कथा, मग चित्रपट, हा क्रम उलटा करू नका. एकदा पडद्यावरचा चेहरा बसला की आपल्या मनातला चेहरा परत येत नाही.

शीर्षकानंतर पहिला आणि शेवटचा परिच्छेद पाठोपाठ वाचा, मधलं गाळून. बऱ्याच कथांत पहिल्या परिच्छेदातली एखादी वस्तू, एखादा आवाज शेवटी परततो, आणि परतताना वेगळा असतो. मग निवेदकाकडे या. तो हे सगळं केव्हा सांगतोय, घडल्यावर लगेच की वीस वर्षांनी? त्याला काय माहीत असायला हवं होतं आणि तो काय लपवतोय? ‘मी’ म्हणणाऱ्या निवेदकावर पहिल्या वाचनात सगळेच विश्वास ठेवतात. दुसऱ्या वाचनात त्याची उलटतपासणी घ्यावी.

शेवट कळला नाही

ही नवख्यांची सर्वांत मोठी तक्रार आहे आणि तिला इतिहास आहे. ना. सी. फडके यांच्या पिढीने लघुकथेचं एक घट्ट तंत्र रूढ केलं: पकड घेणारी सुरुवात, गुंतागुंत, कळस आणि शेवटी कलाटणी. दुसऱ्या महायुद्धानंतर गंगाधर गाडगीळ, अरविंद गोखले, पु. भा. भावे, व्यंकटेश माडगूळकर यांची नवकथा आली आणि तिने ही चौकट सैल केली. घटनेपेक्षा मनाची हालचाल महत्त्वाची ठरली, आणि कथा कलाटणीशिवाय थांबू लागली. मासिकांतल्या रहस्यकथा आणि मालिकांनी मात्र आपल्याला अजून कलाटणीचीच सवय लावलेली आहे. म्हणून कथा थांबते आणि आपण पान उलटून उरलेला मजकूर शोधतो.

अशा वेळी तीन गोष्टी करून पाहा. शेवटचा परिच्छेद हाताने झाका आणि त्याच्या आधीच्या ओळीवर कथा संपली असती तर काय हरवलं असतं ते शोधा. लेखकाने तो परिच्छेद ज्यासाठी लिहिला ते तिथे सापडतं. नाही सापडलं तर मुख्य पात्राबद्दल एक प्रश्न विचारा: याला आता असं काय माहीत आहे जे पहिल्या पानावर माहीत नव्हतं? बाहेर काहीच बदललेलं नसेल, पण या प्रश्नाला उत्तर असतंच. आणि त्याला काहीच नवं कळलेलं नसेल, ते फक्त तुम्हाला कळलं असेल, तर कथेचा डाव तोच आहे. तिसरी गोष्ट, शेवटची कृती पाहा. दार लावलं, दिवा मालवला, पैसे परत केले, काहीच केलं नाही. भावना सांगणारी वाक्यं सोडून द्या, हात काय करतात ते वाचा.

एवढं करूनही शेवट बंदच राहिला तर राहू द्या. काही शेवट फसलेलेही असतात. मोठ्या नावाखाली छापलेली प्रत्येक संदिग्धता खोल नसते.

चार ओळींचं टिपण

वहीत कथेमागे चारच ओळी. पहिलीत कथेचं नाव आणि कोण सांगतंय. दुसरीत काय बदललं, एका वाक्यात. तिसरीत एखादं वाक्य किंवा तपशील, जसाच्या तसा उतरवलेला. चौथीत न सुटलेला प्रश्न. कथानकाचा सारांश लिहू नका. त्यात वेळ जातो आणि जे निसटतं ते सारांशात नेमकं येत नाही. ‘छान’, ‘हृदयस्पर्शी’ असले शेरेही नकोत.

पाच कथा झाल्या की पाचही टिपणं एकत्र वाचा. इथे संग्रहाचा खास आनंद सुरू होतो, जो सुट्या कथेत मिळत नाही. तिसऱ्या ओळीत प्रत्येक वेळी पाणीच येतंय, किंवा उंबरठा, किंवा कुणाची तरी वाट पाहणारी बाई, हे एकदम दिसतं. लेखक दर कथेत नवा विषय घेतो असं वाटत असतं, आणि तो एकाच जखमेभोवती फिरतोय हे इथे उघड होतं. दुसऱ्या ओळीही ताडून बघा: या लेखकाची माणसं बदलतात की फक्त उघडी पडतात?

नावडलेल्या कथा

चांगल्यातल्या चांगल्या संग्रहात दोन-तीन कथा उरलेल्यांच्या मानाने फिक्या असतात. पानं भरण्यासाठी किंवा एखाद्या दिवाळी अंकाच्या आग्रहाखातर लिहिलेली कथा ओळखू येते. तरीही सुरू केलेली कथा पुरी करा, वीस मिनिटांचाच प्रश्न आहे. संग्रह सोडायचा की नाही हे मात्र पहिली, सर्वांत लहान आणि मधली कुठलीतरी अशा तीन कथांवर ठरवा. तिन्हींत भाषेनेच पकडलं नाही तर पुस्तक परत करा, अपराधी वाटून घेऊ नका. विषय नावडला म्हणून सोडणं आणि भाषा नावडली म्हणून सोडणं यांत फरक आहे. पहिल्या कारणासाठी सोडलेलं पुस्तक वर्षभराने पुन्हा उघडून पाहण्यासारखं असतं.

मोठ्याने वाचणं

विनोदी आणि ग्रामीण कथा मोठ्याने वाचल्याशिवाय पुरती उमलत नाही. माडगूळकर, मिरासदार आणि शंकर पाटील या तिघांनी कथाकथनाचे कार्यक्रम गावोगाव केले, आणि मिरासदार-पाटलांच्या कथेतल्या विरामांच्या जागा पाहिल्या की समोर श्रोते धरून लिहिल्यासारखं वाटतं. मिनिटाला एक पान ही गती चुकीची. दोन मिनिटांना एक पान धरा. हशा येईल तिथे थांबा, पण स्वतः हसू नका.

चार ते सहा जणांचा गट जमला तर महिन्यातून एक कथा घ्या, अख्खा संग्रह नको. सगळ्यांनी आधी वाचून यायचं आणि एकाने पुन्हा मोठ्याने वाचायची. बोलायला सुरुवात ‘आवडली का’ने केली की दहा मिनिटांत गाडी राजकारणावर जाते. ‘कोणत्या वाक्याला पट्टी घातली’ने सुरू करा. परदेशातल्या महाराष्ट्र मंडळांना ऑनलाइन बैठकीसाठी हा आकार सोयीचा पडतो, कारण एखाद्याकडे पुस्तक नसलं तरी कान पुरतात.

संग्रह संपल्यावर

आता प्रस्तावनेची क्लिप काढा. आपली टिपणं शेजारी ठेवून वाचा आणि जिथे पटत नाही तिथे समासात प्रश्नचिन्ह द्या. मग अनुक्रमणिका एकदा वरून खाली वाचा: या कथेनंतर हीच का? दोन जड कथांमध्ये हलकी कथा का बसवली? शेवटची कथा शेवटी का? पुन्हा वाचायची एखादी असेल तर तिच्या पानाचा आकडा मागच्या कोऱ्या पानावर नोंदवा.

पुढच्या पुस्तकासाठी पूर्वप्रसिद्धीच्या यादीकडे वळा. जुन्या संग्रहांत ‘सत्यकथा’चं नाव वारंवार दिसेल, श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन यांच्या संपादनाखाली या मासिकाने कथाकारांच्या दोन पिढ्या घडवल्या, आणि १९८२मध्ये ते बंद पडलं. जुने अंक ठाणे आणि मुंबईच्या मराठी ग्रंथसंग्रहालयांसारख्या जुन्या वाचनालयांत पाहायला मिळू शकतात, बहुधा तिथेच बसून. अंक उघडल्यावर आपल्या लेखकाची कथा सोडून शेजारची वाचा. त्याच महिन्यात, त्याच संपादकाने निवडलेली ती दुसरी कथा तुम्हाला पुढचा लेखक देईल.

ज्या लेखकांच्या मृत्यूला साठ वर्षं उलटून गेली त्यांचं लेखन स्वामित्वहक्कातून मोकळं होतं. त्यामुळे हरिभाऊ आपट्यांच्या ‘स्फुट गोष्टी’ फुकट वाचता येतात, पण मराठी कथा कुठून निघाली ते पाहायला. पहिलं पुस्तक म्हणून नव्हे.

आणि आज लिहिणारे कथाकार हवे असतील तर दिवाळी अंक. ही प्रथा का. र. मित्र यांच्या ‘मनोरंजन’ने १९०९मध्ये सुरू केली आणि मराठी कथा अजून मोठ्या प्रमाणात तिथेच पहिल्यांदा छापली जाते. दिवाळीनंतर दोन-तीन आठवड्यांनी वाचनालयांत अंक मोकळे होऊ लागतात. एका अंकातून दोनच कथा वाचा: एक नाव ओळखीचं, एक अजिबात न ऐकलेलं. न ऐकलेल्याची कथा दुसऱ्या दिवशीही डोक्यात राहिली तर वहीच्या शेवटच्या पानावर नाव आणि अंक लिहून ठेवा. अशा आठ-दहा कथा जमल्या की त्या लेखकाचा संग्रह निघतो, आणि तो पहिल्या आवृत्तीतच घ्यावा. कथासंग्रहांच्या आवृत्त्या लहान असतात आणि दुसरी निघेलच याची खात्री नसते.